द्वारकाक्काचा टॅब आणि ‘मी हजर’

एका जंगलात सगळं ठीक चाललं होतं. मुलांनो, खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण ठीक चाललेलं राजवाड्याला बघवत नाही, म्हणून तर जगात गोष्टी होतात.

त्या जंगलात द्वारकाक्का नावाची एक साळिंदर राहायची. ती जंगलाची आरोग्यसेविका होती. पाठीवर काटे असल्यामुळे औषधांची पेटी ती गळ्यात अडकवायची आणि बिळाबिळांतून, ढोलीढोलींतून हिंडायची. बावीस वर्षं हेच. कुणाचा खोकला जुना, कुणाची पिल्लं कधी व्हायची, कोणत्या म्हाताऱ्याला कडू औषधानं खरंच चक्कर येते आणि कोण नुसतं सोंग करतो, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. जे पाठ नव्हतं ते एका वहीत होतं.

साळिंदरं रात्रीची हिंडतात, हे तुम्हाला शाळेत शिकवलंच असेल. पण सरकारी वेळ दहा ते पाच. म्हणून द्वारकाक्कानं स्वभाव बदलला. याबद्दल तिचे आभार मानायची पद्धत त्या जंगलात नव्हती.

एके दिवशी राजवाड्यातून टॅब आला.

टॅब द्यायला कारभारी तरसराव स्वतः आले. तरसराव म्हणजे तरस. ते बोलता बोलता मधेच हसायचे. समोरच्याला वाटायचं, काहीतरी आनंदाची बातमी आहे. तसं कधीच नसे.

“अक्का, आता वहीची गरज नाही,” तरसराव हसून म्हणाले. “जंगल आधुनिक झालं.”

वही समारंभपूर्वक ओढ्यात सोडण्यात आली. टाळ्या झाल्या. माशांनी वही खाल्ली.

पेटीलाही नवं कुलूप बसलं. ते किल्लीनं उघडत नसे. टॅबवर रोग्याचा फोटो काढायचा, नाव लिहायचं, बिळाचा क्रमांक लिहायचा, काय होतंय ते लिहायचं. मग कुलूप टुक्‌ करून उघडायचं. औषधांची चोरी होऊ नये म्हणून ही सोय. बावीस वर्षांत एक गोळीसुद्धा चोरीला गेली नव्हती. पण चोरी होत नाही म्हणून बंदोबस्तच करायचा नाही, असं कुठं असतं का?

आता खरं सांगायचं तर टॅब वाईट नव्हता. द्वारकाक्का आठ दिवसांत तो शिकली. एकदा चार्ज केला की दोन दिवस चालायचा. चार्जिंगचा खांब राजवाड्याच्या दारात होता आणि शेवटचं बीळ तिथून तीन कोसांवर, ओढ्यापलीकडे. पण दोन दिवसांत जाऊन यायला काही अडचण नव्हती. खांबाला वीज कुठून यायची असं विचारू नका. मी गोष्ट सांगतोय, वीज मंडळाचा अहवाल वाचत नाहीये.

मग आलं अपडेट.

टॅबवर एक पाटी उमटली. ‘नवं! अधिक जलद! अधिक सुरक्षित!’ खाली दोन चौकोन. ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. द्वारकाक्कानं ‘नंतर’ दाबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटी आली. पुन्हा ‘नंतर’. असं अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी पाटीवर ‘नंतर’ नव्हतंच. दोन्ही चौकोनांत ‘आत्ता’ लिहिलं होतं. प्रजेला निवड हवी असते, ती दिली होती.

अपडेट झालं. चौकोनी चित्रं गोल झाली. महाराजांचा फोटो होता तिथंच राहिला, फक्त आता ते हसत होते. बाकी काही फरक दिसेना.

फरक दुसऱ्या दिवशी दुपारी दिसला. सकाळी शंभर टक्के भरलेली बॅटरी बारा वाजता चार टक्क्यांवर आली होती. द्वारकाक्का तेव्हा एका म्हाताऱ्या खारीच्या ढोलीत होती. खारआजोबांचा पंजा सुजला होता. तिनं फोटो काढला, नाव लिहिलं, आणि क्रमांक लिहिता लिहिता टॅब काळा पडला.

“काय झालं गं?” खारआजोबांनी विचारलं.

“बॅटरी संपली, आजोबा.”

“मग औषध?”

“ते पेटीत आहे.”

“आणि पेटी?”

“ती बंद आहे.”

खारआजोबांनी पेटीकडे पाहिलं. पेटी त्यांच्यापासून चार बोटांवर होती. “असू दे,” ते म्हणाले, “उद्या ये.”

पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या ढोलीपर्यंत पोचण्याआधीच बॅटरी गेली. तिसऱ्या दिवशी द्वारकाक्का आधी त्यांच्याकडे गेली. औषध मिळालं. पंजा वाचला. पंजाचं एक बोट मात्र नाही वाचलं.

खारआजोबा रागावले नाहीत. “नऊ आहेत की अजून,” म्हणाले. द्वारकाक्काला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी तिनं मदतवाहिनीला फोन केला. मदतवाहिनीवर पोपट होते. त्यांची निवड गुणवत्तेवर झाली होती.

“नमस्कार! आपली अडचण हीच आमची संधी!” पोपट म्हणाला.

“अपडेट झाल्यापासून बॅटरी झरझर उतरते हो.”

“टॅब बंद करून पुन्हा चालू केलात का?”

“रोज दुपारी आपला आपण बंद होतोच आहे.”

“छान! म्हणजे पहिली पायरी झाली. आता पडद्याचा उजेड कमी करा. आणखी काही मदत?”

“उजेड कमी करून बॅटरी टिकेल का?”

“नमस्कार! आपली अडचण हीच आमची संधी!”

द्वारकाक्कानं उजेड कमी केला. बिळातल्या अंधारात ठीक दिसायचं, पण बाहेर उन्हात काही म्हणता काही दिसेना. त्याच अंदाजपंचे कारभारात तिनं घोरपडे अण्णांच्या कंबरदुखीची नोंद एक ओळ खाली केली. घोरपडे अण्णा म्हणजे सहा फुटी घोरपड, मिशा नसल्या तरी असाव्यात असा चेहरा. संध्याकाळी राजवाड्यातून त्यांना खारकांची पुडी आणि पत्र आलं, ‘होणाऱ्या मातेचं हार्दिक अभिनंदन.’ अण्णांनी खारका खाल्ल्या. पत्र मात्र त्यांच्या बायकोनं फ्रेम करून लावलं.

बॅटरी एक वाजता संपू लागली. म्हणजे फायदा झालाच होता, नाही असं नाही.

मग द्वारकाक्का तांत्रिक कार्यालयात गेली. ते एका वडाच्या ढोलीत होतं. तिथले प्रमुख वाघुळकर साहेब, हे वटवाघूळ होते. वटवाघळं दिवसा झोपतात, म्हणूनच त्यांना दहा ते पाचच्या जागेवर नेमलं होतं.

वाघुळकर साहेब उलटे लटकून पेंगत होते. द्वारकाक्कानं काटे वाजवले. साहेबांनी एक डोळा उघडला, टॅब हातात घेतला आणि बॅटरीचा आलेख पाहिला.

“अक्का, तुमची काहीतरी गैरसमजूत झालीय. बॅटरी चढतेय.”

“साहेब, तुम्ही उलटे आहात.”

“हा दृष्टिकोनाचा प्रश्न आहे,” साहेब म्हणाले. तरी त्यांनी मान वळवून पुन्हा पाहिलं. “हं. अपडेट झालं की दोन-तीन दिवस टॅब आतल्या आत आवराआवर करतो. तोवर बॅटरी जाते. थांबा थोडं.”

“नऊ दिवस झाले.”

“मग रिसेट करा. सगळं कोरं होईल. नव्यासारखं.”

तिनं रिसेट केलं. सगळं खरंच कोरं झालं. तीनशे चाळीस बिळांची नावं, क्रमांक, आजार, सगळं पुसलं गेलं. वही तर माशांच्या पोटात. द्वारकाक्का तीन दिवस एका करंजाखाली बसली आणि तीनशे चाळीस बिळं डोक्यातून टॅबमध्ये पुन्हा उतरवली. एकही नाव चुकलं नाही. तिचं डोकं अपडेट करायचं राजवाड्याला सुचलं नव्हतं, म्हणून हे जमलं.

बॅटरी पुन्हा एक वाजताच संपली.

ती पुन्हा साहेबांकडे गेली. आता साहेबांनी दोन्ही डोळे उघडले.

“अक्का, स्पष्ट बोलू का? तुम्ही टॅब फार वापरता.”

“म्हणजे?”

“वापरला की बॅटरी उतरते. हे शास्त्र आहे. डोंगरापलीकडचा सेवक भोजराव रानबोका, त्याची एक तक्रार नाही. बघा त्याच्याकडे.”

द्वारकाक्का बघायला गेली. भोजरावाकडे डोंगरापलीकडची दोनशे बिळं होती. पण तो होता राजवाड्याच्या दारातच, चार्जिंगच्या खांबाशी. टॅब खांबाला लावलेला आणि भोजराव शेजारी लोळलेला.

“तुमची बॅटरी कशी हो टिकते?” द्वारकाक्कानं विचारलं.

“शंभरच्या खाली कधी येऊच देत नाही,” भोजराव जांभई देत म्हणाला. “शिस्त लागते, अक्का.”

“आणि डोंगरापलीकडची बिळं?”

“तिथे चार्जिंगची सोय नाही ना. मी तसं कळवलंय वर.”

द्वारकाक्का परत फिरली आणि वाटेत एका दगडावर बसून तिनं टॅब उघडला. पोपटानं सांगितलं ते झालं होतं, साहेबांनी सांगितलं तेही झालं होतं. आता ती स्वतःच एकेक चित्र दाबून बघू लागली. सेटिंगच्या पोटात शिरली. तिथून आणखी आत. आणि तिथे तिला एक यादी सापडली. बॅटरी कुणी किती खाल्ली, त्याची यादी.

औषधपेटी, तीन टक्के. फोटो, पाच टक्के. पडदा, नऊ टक्के. असंच किरकोळ दोन टक्के.

‘मी हजर’, एक्याऐंशी टक्के.

हे ‘मी हजर’ कोण, ते तिला माहीत नव्हतं. तिनं त्याला कधी हात लावला नव्हता. त्याचं चित्रसुद्धा पडद्यावर नव्हतं. ती तशीच उठून वाघुळकर साहेबांकडे गेली.

“साहेब, ‘मी हजर’ म्हणजे काय?”

साहेब दचकले. इतके की क्षणभर सुलटे झाले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“तुम्हाला कुठं सापडलं ते?”

“माझ्याच टॅबमध्ये.”

“ते नव्या अपडेटबरोबर आलंय. सेविका कामावर आहे की नाही, कुठं आहे, हे ते राजवाड्याला कळवतं. दर दहा सेकंदांनी.”

“दहा सेकंदांनी? मी साळिंदर आहे, साहेब. दहा सेकंदांत मी जाऊन जाऊन जाणार कुठं?”

“दहा मिनिटांनीच कळवायचं होतं,” साहेब पुटपुटले. “लिहिताना कुणीतरी मिनिटांच्या जागी सेकंद लिहिलं.”

द्वारकाक्काचा जीव भांड्यात पडला. “मग झालंच की! एक शब्द बदला.”

“बदलता येणार नाही.”

“का?”

“बदललं म्हणजे चूक झाली होती असं होतं. आणि त्या अपडेटचं उद्घाटन महाराजांच्या पंजानं झालंय.”

“मग बंद तरी करू का ते?”

“करा की. पण ते बंद म्हणजे तुम्ही गैरहजर.” साहेबांनी पंख लपेटून घेतले. “आणि हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही. मी तर झोपलेलो होतो. सगळ्यांना माहीत आहे.”

मुलांनो, आता द्वारकाक्काला रोग कळला होता आणि औषधही माहीत होतं. फक्त ते घ्यायची परवानगी नव्हती. ती बावीस वर्षांत एकदाही गैरहजर राहिली नव्हती. तिला त्याचा अभिमान होता. साधा अभिमान, पण तिचा तेवढाच होता. म्हणून तिनं ‘मी हजर’ला हात लावला नाही. त्याऐवजी ती पहाटे निघू लागली. जेवायलाही थांबेना. चालायचा वेग दुप्पट केला. तरी टॅब तिच्या आधी थकायचा.

अशातच ओढ्यापलीकडून निरोप आला. मंदाकिनी सशिणीचं धाकटं पिल्लू तापानं फणफणलं होतं.

द्वारकाक्का तीन कोस जवळजवळ धावत गेली. पोचली तेव्हा बॅटरी दोन टक्के होती. पिल्लू आईच्या पोटाशी थरथरत होतं. मोठी भावंडं कोपऱ्यात गप्प बसली होती. ससे इतके गप्प बसले की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

द्वारकाक्कानं टॅब पिल्लासमोर धरला.

‘चेहरा स्थिर ठेवा,’ टॅबवर आलं.

“त्याला हुडहुडी भरलीय हो,” मंदाकिनी म्हणाली.

“धर त्याचं डोकं. घट्ट धर.”

‘चेहरा स्थिर ठेवा.’

“धरलंय, अक्का!”

‘कान चौकटीच्या बाहेर जात आहेत.’

मंदाकिनीनं एका पंजानं डोकं धरलं, दुसऱ्यानं कान दुमडले. टॅबनं एकदा डोळे मिचकावल्यासारखं केलं आणि काळा पडला. शेवटच्या दोन टक्क्यांत त्यानं काय केलं असेल, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. द्वारकाक्का कामावर हजर आहे, असं राजवाड्याला कळवलं.

मंदाकिनीनं विचारलं, “उद्या याल का?”

द्वारकाक्काला खारआजोबांचं बोट आठवलं. तिनं पिल्लाच्या कपाळाला नाक लावलं. कपाळ चुलीसारखं होतं. उद्याचं काही खरं नव्हतं.

तिनं पाठीवरचा एक काटा उपटला. डोळ्यांत पाणी आलं, ते काट्यामुळे असं तिनं नंतर सांगितलं. काटा कुलपाच्या फटीत घातला, फिरवला, दाबला. जंगलातलं सगळ्यात सुरक्षित कुलूप टुक्‌ करून उघडलं. त्याला तेवढंच येत होतं.

औषध पिल्लाच्या पोटात गेलं. द्वारकाक्का तिथंच बसून राहिली. ऊन कलायच्या सुमाराला पिल्लाला घाम फुटला, ताप उतरला, आणि त्यानं आईचा कान चावला. भावंडं एकदम बोलायला लागली. द्वारकाक्का उठली आणि पेटी गळ्यात अडकवून ओढ्याच्या वाटेला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं टॅब चार्ज केला, सेटिंगच्या पोटात शिरली आणि ‘मी हजर’वर पंजा दाबून धरला. पाटी उमटली. ‘सक्तीने थांबवायचं? आपली नोंद होणार नाही.’

“नको होऊ दे,” द्वारकाक्का म्हणाली.

बॅटरी दोन दिवस टिकली. पहिल्यासारखी.

त्या महिन्यात द्वारकाक्कानं तीनशे चाळीस बिळं पालथी घातली. सात बाळंतपणं केली. एक मोडलेला पाय बांधला. भोजराव येत नाही म्हणून डोंगरापलीकडची बिळंही करून आली.

महिना संपला आणि तिला दरबारात बोलावणं आलं.

महाराज झोपले होते. त्यांच्या वतीनं तरसराव बसले होते. समोर टॅबमधून काढलेला तक्ता होता.

“द्वारकाबाई,” तरसराव हसले. आजवर ते ‘अक्का’ म्हणायचे. “हजेरी शून्य. महिनाभर तुम्ही कुठं होता?”

“कामावर.”

“नोंद नाही.”

“औषधांच्या नोंदी बघा. रोजच्या आहेत. फोटो आहेत.”

“त्या आहेत,” तरसरावांनी मान्य केलं. “म्हणजे गैरहजर असताना तुम्ही तीनशे चाळीस रोग्यांवर परस्पर उपचार केलेत. हे जास्त गंभीर आहे.”

“बॅटरी उतरत होती, कारभारी. मी कितीदा कळवलं.”

“आता उतरते का?”

“नाही.”

“मग तक्रार निकाली!” तरसरावांनी कागदावर टिक केली. “राहिलं कुलूप. त्यावर ओरखडे आहेत. सरकारी कुलूप तुम्ही काट्यानं उघडलंत. का?”

“सशाच्या पिल्लाला ताप होता.”

“पिल्लानं चेहरा का स्थिर ठेवला नाही?”

या प्रश्नाला द्वारकाक्काजवळ उत्तर नव्हतं. मुलांनो, तुमच्याजवळ असेल तर मला सांगा. मीही बरेच दिवस विचार करतोय.

निकाल दयाळू लागला. बावीस वर्षांची सेवा लक्षात घेऊन शिक्षा झाली नाही. फक्त आदेश निघाला. टॅब यापुढे कायम खांबाला लावून ठेवावा. ‘मी हजर’ कायम चालू राहावं. नव्या कुलपाची मागणी नोंदवावी. ते येईपर्यंत पेटी दोरीनं बांधावी.

“आणि रोगी?” द्वारकाक्कानं विचारलं.

“रोग्यांचा उल्लेख आदेशात नाही,” तरसराव म्हणाले. “आदेशाबाहेरचं काही विचारू नका.”

द्वारकाक्का खांबाशी गेली. भोजरावानं सरकून जागा दिली. तिनं टॅब खांबाला लावला, ‘मी हजर’ चालू केलं, पेटीला दोरीची सुरगाठ मारली. मग तिनं आदेश पुन्हा एकदा नीट वाचला. टॅबनं खांबाशी राहावं असं त्यात होतं. सेविकेनं राहावं असं कुठंच नव्हतं.

तिनं पेटी गळ्यात अडकवली आणि ती चालू लागली.

“अहो अक्का, कुठं निघालात?” भोजरावानं विचारलं.

“आदेशाबाहेर,” द्वारकाक्का म्हणाली.

वर्ष सरलं. राजवाड्यात उत्कृष्ट सेवेचा सोहळा झाला. आकडे वाचले गेले. बॅटरी शंभर टक्के, हजेरी शंभर टक्के, तक्रारी शून्य. द्वारकाक्काच्या टॅबला हार घालण्यात आला. शाल पांघरण्यात आली, ती सारखी घसरत होती म्हणून सुतळीनं बांधली. तरसराव टॅबच्या निष्ठेवर वीस मिनिटं बोलले. श्रोत्यांत वाघुळकर साहेब होते. त्यांनी तेवढ्यापुरता एक डोळा उघडून मिटला.

नंतर आकडे पाहता पाहता तरसरावांच्या एक गोष्ट ध्यानात आली. हा टॅब सगळं काम एकटाच करतो. वर्षभर खांबावरून हललेला नाही आणि एकही तक्रार नाही. मग सेविका कशाला? त्याच दिवशी आरोग्यसेविकेचं पद रद्द झालं. द्वारकाबाईंना सेवेतून मुक्त केल्याचं पत्र तात्काळ पाठवण्यात आलं.

पत्र टॅबवर गेलं. टॅब खांबाला. आणि द्वारकाक्का तेव्हा डोंगरापलीकडे एका मुंगसाच्या पिल्लांना जंताचं औषध पाजत होती. ते पत्र तिनं अजून वाचलेलं नाही. आपण नोकरीवर नाही, हे तिला अजून माहीत नाही.

तुम्हीही सांगू नका.

तात्पर्य : मुलांनो, ‘काम’ आणि ‘हजेरी’ ही दोन ॲप्स कधीही एकदम चालू ठेवू नयेत, बॅटरी फार लवकर उतरते. शहाण्यानं दुसरं चालू ठेवावं आणि पहिलं सक्तीने थांबवावं.